साखळी कुठे अडते?

माइनक्राफ्टच्या जगात खेळाडू रिकाम्या हाताने उतरतो. डोंगर, झाडं, पाणी, माती, सगळं एक-एक मीटरच्या ठोकळ्यांचं. वीस मिनिटांत दिवस आणि रात्र दोन्ही उरकतात. भूक लागते, कुऱ्हाड झिजते, अंधार पडला की झॉम्बी निघतात. सुरुवातीला प्रत्येक गोष्ट हाताने करावी लागते: लाकूड तोडायचं, दगड फोडायचा, बी पेरायचं, गहू कापायचा, पुन्हा पेरायचं. काही काळाने लक्षात येतं की घर बांधायला, पूल उभारायला, दूरचा मुलूख पाहायला आपण खेळायला बसलो आणि सगळा वेळ पेरणी-कापणीतच चाललाय. मग खेळाडू जरा थांबतो आणि विचार करतो: हे शेत माझ्याशिवाय चालवता येईल का?

या एका प्रश्नातून माइनक्राफ्टमध्ये एक स्वतंत्र विद्या उभी राहिली. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी १७ मे २००९ रोजी हा खेळ पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. ऑक्टोबर २०२३पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. खेळ बनवणाऱ्यांनी स्वयंचलित शेताचा तयार नकाशा कुणालाच दिला नाही. त्यांनी नियम दिले आणि काही सुटे भाग दिले. पाणी कसं वाहतं, रोप कधी वाढतं, वस्तू कुठे पडते, हे पाहून खेळाडूंनी शेतं रचली.

त्या विद्येची मूळ तत्त्वं या प्रकरणात पाहू. ती समजून घेताना आपण पुन्हा पुन्हा बुलढाणा जिल्ह्यात येणार आहोत. कापूस, कोरडवाहू जमीन आणि पाण्याची ओढाताण यांच्यासोबत जगणाऱ्या या जिल्ह्याने हाच प्रश्न खऱ्या जमिनीवर सोडवत आणला आहे: माल उगवण्यापासून तो हातात येईपर्यंतच्या साखळीत नेमकं कुठे अडतं?

चार टप्पे

ऊस असो, लोखंड असो की कोंबडीची अंडी, माइनक्राफ्टमधल्या प्रत्येक स्वयंचलित शेताला (खेळाडू त्याला ‘फार्म’ म्हणतात) चार टप्पे असतात. माल तयार होणं, तो तोडला जाणं, गोळा होणं आणि साठणं. चारही टप्पे माणसाच्या हाताविना चालले तर शेत पूर्ण स्वयंचलित. एक जरी टप्पा हातावर राहिला तरी ते अर्धवट, आणि अर्धवट शेतही पुष्कळदा पुरेसं असतं.

हे टप्पे एकाच दिवशी खेळात आले नाहीत. ठिणगीसारखा इशारा वाहून नेणारी रेडस्टोनची लाल भुकटी २०१०मध्ये आली. ठोकळा ढकलणारा पिस्टन जून २०११मध्ये आला आणि कापणीला हात मिळाले. मार्च २०१३मध्ये हॉपर आला. वरून पडलेली वस्तू गिळून खालच्या पेटीत सोडणाऱ्या या लोखंडी नरसाळ्यामुळे गोळा करणं सुटलं. नोव्हेंबर २०१६मध्ये संगणकावरच्या जावा आवृत्तीत ऑब्झर्व्हर आला. समोरच्या ठोकळ्यात बदल झाला की हा ठोकळा मागच्या बाजूने इशारा देतो. त्याआधीची बरीच शेतं घड्याळ लावून कापली जात. ऊस वाढलेला असो वा नसो, ठरल्या वेळी पिस्टन चालायचा. ऑब्झर्व्हरमुळे शेताला डोळा मिळाला. जून २०२४मध्ये आलेला क्राफ्टर कच्च्या मालापासून पक्का माल आपोआप बनवतो, म्हणजे शेताला आता कारखानाही जोडता येतो.

वेळ आणि योग

खेळाचं जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकतं. त्या प्रत्येक ठोक्याला टिक म्हणतात. पण रोप दर टिकेला वाढत नाही. जगाचे १६ × १६ × १६ ठोकळ्यांचे भाग पाडलेले आहेत. एका भागात ४,०९६ ठोकळे. जावा आवृत्तीत प्रत्येक टिकेला प्रत्येक भागातून ३ ठोकळे चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे निवडले जातात. चिठ्ठी रोपाच्या नावाची निघाली तरच त्याला वाढायची संधी मिळते. याला रँडम टिक म्हणतात.

हिशेब सोपा आहे. ४,०९६ भागिले ३ म्हणजे साधारण १,३६५ टिका, म्हणजे सुमारे ६८ सेकंद. सरासरी ६८ सेकंदांतून एकदा प्रत्येक ठोकळ्याची पाळी येते. उसाला एक कांडी चढायला अशा १६ पाळ्या लागतात, म्हणजे सरासरी १८ मिनिटं. पण ही सरासरी आहे. एखादा ऊस तेरा-चौदा मिनिटांत वाढतो, शेजारचा तेवीस मिनिटं घेतो.

एकच ऊस लावणारा खेळाडू वैतागतो. शंभर ऊस लावणारा निश्चिंत असतो. एका उसाची वेळ सरासरीपासून साधारण साडेचार मिनिटं मागेपुढे होते, तर शंभर उसांची मिळून काढलेली सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर राहते. संख्या वाढली की योगाचं रूपांतर अंदाजात होतं. विमा आणि निवडणुकीचे कल याच गणितावर उभे आहेत आणि मूल ते ऊस मोजता मोजता शिकतं.

खरी शेती या जागी खेळापासून वेगळी होते. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या स्थितीवरून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. हवामानशास्त्राचा आधार या भाकिताला नाही. पण पेरणीआधी माणसाच्या मनावर अनिश्चिततेचं किती ओझं असतं, हे तिथल्या गर्दीवरून कळतं. खेळात शंभर रोपांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या निघतात, म्हणून एकाचं उणं दुसरं भरून काढतं. पावसाने दडी मारली की ती गावातल्या सगळ्या शेतांना एकदमच बसते. तिथे रोपं वाढवून जोखीम कमी होत नाही. पिकं वेगळी लावावी लागतात.

पाणी आणि तास

गव्हाच्या शेतात हे आणखी स्पष्ट दिसतं. खेळात पाण्याचा एक ठोकळा चारही बाजूंना चार ठोकळ्यांपर्यंतची जमीन ओली ठेवतो. म्हणून ९ × ९चा चौकोन आखून मधोमध पाणी ठेवलं की ८० ठोकळे भिजतात. ते पाणी आटत नाही, उन्हाने उडत नाही. दोन बादल्या नीट ओतल्या तर कधीही न संपणारा पाणवठा तयार होतो. बुलढाण्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे वाचून हसू येईल आणि थोडं वाईटही वाटेल, कारण त्याच्या साखळीत पहिली अडचण इथेच येते.

आता पेरणी. खेळातल्या गव्हाला पिकायला सात पायऱ्या चढाव्या लागतात. जमीन ओली असेल, सगळीकडून शेतजमीन असेल आणि पुरेसा उजेड असेल, तर प्रत्येक पाळीला वर चढण्याची शक्यता तीनात एक असते. मात्र सगळ्या शेतात एकच पीक दाटीने लावलं तर ती निम्म्यावर, सहात एकवर येते. एक तास, म्हणजे ओळ, गव्हाचा, एक तास गाजराचा, असं आलटून पालटून लावलं की पुन्हा तीनात एक. म्हणजे दाट गहू पिकायला सरासरी ४८ मिनिटं घेतो आणि तासांत लावलेला २४. जमीन तेवढीच, पाणी तेवढंच, फक्त मांडणी बदलली आणि वेळ निम्मा झाला.

विदर्भात आंतरपीक घेणाऱ्याला ही रीत नवी नाही. सोयाबीनच्या काही तासांनंतर तुरीचा तास, कपाशीत मूग किंवा उडीद, हे बुलढाण्यात नेहमी दिसतं. कारणं मात्र खेळाहून खोल आहेत. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. तुरीचं मूळ खोल जातं, सोयाबीनचं वर राहतं, त्यामुळे दोघं एकाच थरातल्या ओलीवर तुटून पडत नाहीत. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतं आणि तूर त्यानंतर कितीतरी काळ उभी राहते. एकाला पावसाने दगा दिला तरी दुसरं हाती लागण्याची आशा असते. खेळ बनवणाऱ्यांनी यातला फक्त परिणाम घेतला आणि त्याचा नियम केला. मुलाला खेळातला नियम कळला की त्याला शेतावर नेऊन खरं कारण दाखवावं. ते त्याच्या पक्कं लक्षात राहतं.

पहिलं शेत: ऊस

बुलढाण्यात कापूस-सोयाबीनचं राज्य असलं तरी खेळात सुरुवात उसापासून करावी. उसाला पेरावं लागत नाही. बुडखा राहिला की तो पुन्हा वाढतो. त्यामुळे चारांपैकी पहिला टप्पा आपोआप सुटलेला असतो.

रचना अशी. पाण्याची एक सरळ पट्टी घ्या. तिला लागून मातीची पट्टी आणि मातीवर ऊस. ऊस तीन ठोकळे उंच वाढतो. उसाच्या मागे, तळाच्या कांडीच्या पातळीवर एक साधा ठोकळा ठेवा. त्यावर, दुसऱ्या कांडीच्या पातळीवर, उसाकडे तोंड केलेला पिस्टन. पिस्टनच्या डोक्यावर, तिसऱ्या कांडीच्या पातळीवर, उसाकडे पाहणारा ऑब्झर्व्हर. पिस्टनच्या मागे आणखी एक ठोकळा आणि त्यावर रेडस्टोनची भुकटी.

आता काय होतं ते पाहा. ऊस तिसऱ्या कांडीपर्यंत पोचतो. ऑब्झर्व्हरला बदल दिसतो, तो मागे इशारा देतो. इशारा भुकटीतून खालच्या ठोकळ्यात आणि तिथून पिस्टनमध्ये जातो. पिस्टन पुढे येऊन मधली कांडी तोडतो, तिच्यावरची तिसरीही पडते. बुडखा जागेवर राहतो आणि वाढ पुन्हा सुरू होते.

प्रत्येक उसामागे ऑब्झर्व्हर लावणं महाग पडतं, म्हणून बरेच खेळाडू अख्ख्या ओळीसाठी एकच लावतात. भुकटीतून इशारा १५ ठोकळ्यांपर्यंत जातो. एक ऊस तयार झाला की सगळी ओळ कापली जाते. काही ऊस दोनच कांड्यांचे असतात, त्यांची एकच कांडी मिळते; काही नुसते बुडखे असतात, त्यांचं काहीच मिळत नाही. थोडं उत्पन्न सोडून बरंच साहित्य वाचतं. हा सौदा परवडतो का, हे ज्याने त्याने आपल्याकडचं साहित्य पाहून ठरवायचं. नुसतं ‘सगळ्यात चांगलं शेत कोणतं’ असं विचारून उपयोग नाही, ‘माझ्याकडे आज जे आहे त्यात कोणतं’ असं विचारावं लागतं.

कांड्या पाण्यात पडल्या तर वाहतात. सपाटीवर पाणी उगमापासून सात ठोकळे पुढे जातं, म्हणून त्या अंतरावर हॉपर ठेवतात. काही कांड्या मातीवरच अडकतात. त्यांच्यासाठी मातीच्या थराखाली रूळ घालून हॉपर बसवलेली गाडी फिरवतात. ती वरच्या ठोकळ्यातूनही वस्तू खेचून घेते.

अडण्याची जागा सरकते

शंभर उसांचं शेत तासाला साधारण ३३० कांड्या देतं. हॉपर दर ०.४ सेकंदाला एक, म्हणजे तासाला ९,००० वस्तू पुढे सरकवतो. एका हॉपरला सुमारे २,७०० उसांचा माल पेलतो, त्यामुळे शंभर उसांच्या शेतात दुसरा हॉपर लावणं म्हणजे पाच लोखंडी विटा आणि एक पेटी वाया घालवणं. अडचण उगवणीत आहे, ऊस वाढवा.

समजा, ऊस वाढवून दहापट केले. आता तासाला ३,३०० कांड्या येतात. मोठ्या पेटीत ५४ कप्पे आणि कप्प्यात ६४ वस्तू, एकूण ३,४५६. म्हणजे साधारण तासाभरात पेटी भरते. त्यानंतरच्या कांड्या हॉपरमध्ये अडकतात, मग जमिनीवर पडून राहतात आणि पाच मिनिटांनी नाहीशा होतात. शेत धडधडत चालू दिसतं, पण पदरात काही पडत नाही. अडचण उगवणीतून साठवणीत गेली. पेट्या वाढवल्या की ती विक्रीत जाते: खेळातला ग्रंथपाल उसापासून बनवलेले २४ कागद घेऊन एक पाचू देतो, पण ठरावीक सौदे झाले की पुन्हा कामाला बसेपर्यंत तो नवा सौदा करत नाही.

कोणत्याही साखळीचा वेग तिच्या सर्वांत अरुंद जागेइतकाच असतो, ती जागा रुंद केली की अडचण दुसरीकडे जाते. इस्रायलचे एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४मध्ये ‘द गोल’ या कारखान्यावरच्या कादंबरीतून हाच विचार जगभरच्या व्यवस्थापकांपर्यंत नेला. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावच्या कापसाने तो त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ दाखवून दिला होता.

वऱ्हाड १८५३मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. कापूस पिकत होता, मागणी होती. अडत होतं ते वाहतुकीत. सरकी काढलेली रुई फुगीर असते, बैलगाडी वजनाआधी आकारानेच भरते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुततं. १८६७मध्ये भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव त्यावर आले. खामगाव मात्र मुख्य मार्गापासून बाजूला राहिलं. ते उरलेलं छोटं अंतर आता साखळीतली अरुंद जागा होतं. म्हणून १८७०मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास कापसासाठी रेल्वेचा फाटा काढला गेला.

रेल्वे आली तशी अडचण पुढे सरकली. डब्यात जास्त माल बसवायचा तर रुई दाबून घट्ट गाठी बांधायला हव्यात; गाठी भराभर बांधायच्या तर सरकी भराभर निघायला हवी. घरोघरच्या हातचरख्या त्या वेगाला पुऱ्या पडणं शक्य नव्हतं. पुढच्या दशकांत वऱ्हाडात वाफेवर चालणारी जिनं आणि प्रेस उभी राहिली. आजच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस नळीतून ओढला जातो, जिनमध्ये आपोआप पडतो, रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे जाते, शेवटी १७० किलोची गाठ बाहेर येते. अशा एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. यातली पुष्कळशी यंत्रणा २०००मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेतून जिनांमध्ये आली. ही साखळी पाहिलेल्या मुलाला हॉपर, पाण्याची पट्टी आणि पेटी यांचा संबंध वेगळा समजवावा लागत नाही.

मात्र खामगावला रेल्वे आली तेव्हा अमेरिकेतलं युद्ध संपून पाच वर्षं झाली होती. युद्ध संपताच, १८६५मध्येच, मुंबईत कापसाचे भाव कोसळले होते. साखळीतला प्रत्येक दुवा रुंद करता येतो. शेवटचा दुवा, म्हणजे भाव, दूरच्या कुणाच्या तरी हातात असतो. खेळातला ग्रंथपाल युद्ध झालं वा थांबलं, कागद घेतोच. शेतकऱ्याला अशी खात्री कुणी देत नाही, आणि खेळाची तुलना शेतीशी करताना हे विसरलं तर तो शेतकऱ्यावर अन्याय होईल.

हात कुठे सुटत नाहीत

गव्हाच्या शेतात पाणी सोडलं की पीक वाहून गोळा होतं, पण पुन्हा पेरायला हात लागतो. सप्टेंबर २०१४च्या आवृत्तीत खेळातल्या शेतकरी गावकऱ्याला पिकलेलं कापून पुन्हा पेरायची सवय दिली गेली. तो जास्तीचं अन्न दुसऱ्या गावकऱ्याकडे फेकतो. खेळाडू मध्ये हॉपर ठेवून ते पकडतात. म्हणजे ‘स्वयंचलित’ म्हणवणाऱ्या या शेतात काम थांबलेलं नसतं, ते दुसऱ्या कुणाकडे गेलेलं असतं.

लोखंडाच्या शेतात हे टोकाला जातं. तीन गावकऱ्यांना बंद खोलीत ठेवून त्यांच्या नजरेसमोर झॉम्बी उभा करतात. ते घाबरतात, त्यांच्या रक्षणाला लोखंडी गोलेम प्रकट होतो, तो तयार ठेवलेल्या लाव्ह्यात पडतो आणि तीन ते पाच लोखंडी विटा देतो. गावकरी जन्मभर त्या खोलीत राहतात. ती चित्रंच आहेत, त्यांना वेदना नाही. तरीही असं शेत बांधणाऱ्या मुलाला आईवडिलांनी जरूर विचारावं: या साखळीत कोण घाबरतंय आणि फायदा कुणाला होतोय? खऱ्या जगातल्या प्रत्येक स्वस्त वस्तूबद्दल हा प्रश्न विचारता आला पाहिजे.

बुलढाण्याच्या कापसात वेचणी आजही हातानेच होते, प्रामुख्याने बायकांच्या. एकाच झाडावर काही बोंडं फुटलेली, काही हिरवी असतात, शेतं लहान आहेत, झाड पसरतं. कुठलं बोंड आज घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे वेचणाऱ्या बाईच्या नजरेला कळतं. ऑब्झर्व्हर एका ठोकळ्याकडे पाहतो, ती बाई अख्ख्या झाडाकडे पाहते आणि बोटं चालूच असतात. देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन होतं. संकरित बियाण्यासाठी प्रत्येक फुलाचं परागीकरण, ज्याला तिथे क्रॉसिंग म्हणतात, हाताने करावं लागतं. खेळात बी गवत तोडलं तरी मिळतं. इथे एका पाकिटातल्या बियांमागे कुणाची तरी सकाळ खर्च झालेली असते. कौशल्याला मजुरी म्हणून स्वस्तात मोजायची सवय सोडायची असेल, तर आधी ते यंत्राला किती अवघड आहे ते समजून घ्यावं.

वाया गेलेलं परत आणणं

चांगल्या शेतातून काही फेकलं जात नाही. गव्हाच्या शेतात गरजेपेक्षा जास्त बी जमतं. ते हॉपरने खतपेटीत सोडलं की सात थर भरल्यावर हाडांची पूड मिळते, आणि ती पूड गव्हालाच दिली की तो झपाट्याने वाढतो. एका टोकाचा कचरा दुसऱ्या टोकाचा कच्चा माल होतो आणि साखळीचं वर्तुळ बनतं.

बुलढाणा जिल्ह्यात हीच बुद्धी खूप मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावाला माती-मुरूम लागतो. तो डोंगर फोडून आणण्याऐवजी तलाव आणि नाल्यांच्या खोलीकरणातून घेतला, तर रस्त्याला भराव मिळतो, तलावातला गाळ निघतो आणि त्याच तलावात पुढच्या पावसाळ्यात जास्त पाणी थांबतं. ही रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने राज्याबाहेरही चर्चेत आली. दोन खात्यांची दोन वेगळी कामं शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

इथले आकडे जावा आवृत्तीचे आहेत. फोनवरच्या बेडरॉक आवृत्तीत वाढीचा वेग आणि रेडस्टोनची वागणूक काही ठिकाणी वेगळी आहे, म्हणून दुसऱ्याचं शेत जसंच्या तसं उतरवताना ते कोणत्या आवृत्तीचं आहे हे आधी पाहावं. खेळ विकत घेणं परवडत नसेल, तर लुआन्टी हा मोफत, मुक्त स्रोताचा ठोकळ्यांचा खेळ आहे; २०२४पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. त्यात मेसेकॉन्स ही जोड घातली की रेडस्टोनसारखे इशारे देता येतात. शाळेच्या संगणक कक्षात तो चालवता येईल.

शेत बांधताना जागाही मोजून निवडावी. खेळाडूपासून फार लांबचं शेत वाढत नाही. रँडम टिक खेळाडूभोवतीच्या ठरावीक अंतरातच पडते. बुलढाणा जिल्ह्यातल्याच लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे खेळाच्या मापाने १,८०० ठोकळे. तेवढं विवर खेळात कोरलं आणि खेळाडू एका काठावर उभा राहिला, तर समोरच्या काठावरचा ऊस एका कांडीनेही वाढणार नाही. म्हणून शेत घराजवळ असावं, किंवा जिथे आपण दुसरं काही बांधत बसणार आहोत तिथे.

सगळ्यात महत्त्वाची सवय वहीची. शेत सुरू करा, अर्ध्या तासाने पेटी मोजा, लिहा. एकच गोष्ट बदला, पुन्हा मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. कृषी विद्यापीठांच्या चाचणी-प्लॉटवरही तुलनेची हीच शिस्त पाळली जाते.

आणि एकदा खेळाबाहेर येऊनही हे करून पाहा. आपल्या गावातली एक साखळी निवडा: गोठ्यापासून डेअरीपर्यंतचं दूध, मळणीपासून बाजार समितीपर्यंतचं सोयाबीन, शेतापासून जिनपर्यंतचा कापूस. तिच्या प्रत्येक टप्प्यावर दिवसाला किती माल पुढे जाऊ शकतो ते घरच्यांना विचारा, वहीत लिहा. ज्या टप्प्याचा आकडा सर्वांत लहान निघेल, सुधारणा तिथून सुरू करा. बाकी कुठे कितीही पैसा आणि घाम ओतला, तरी माल त्याच टप्प्यापाशी येऊन थांबणार आहे.